चाचांच्या निरोपाची फाईल

आमच्या खात्यातल्या चाचांना निरोप द्यायचा होता आणि त्या निरोपाच्या खर्चाला मंजुरी द्यायची होती चाचांनीच. घ्या आता.

चाचा रत्नागिरीकडचे. शारजातल्या एका सरकारी खात्यात एकतीस वर्षं अकाउंटंट. शहरासाठी कुठलीही नवी पॉलिसी निघाली की आधी त्यांच्या टेबलावर जायची आणि तिथेच आडवी व्हायची. मी साताऱ्याची, त्याच खात्यात पॉलिसीचे मसुदे लिहिते. म्हणजे माझ्या निम्म्या मसुद्यांचा मुडदा त्यांनीच पाडलेला. पण मंजूर पॉलिसीच्या पुस्तिकांवर आमची नावं छापून येतात, अकाउंटंटचं कधीच नाही. आता निवृत्तीबरोबर व्हिसा कॅन्सल होणार, चाचा कायमचे गावी जाणार, आणि इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी चांगला शब्द काढलेला नाही. हे मला सहन होईना.

मी फाईल पाठवली: बिर्याणी, केक, फुलं. तासाभरात परत. वर शेरा: 'एक केक, दोन किलोपर्यंत. एक भाषण, तीन मिनिटं. बाकी नियमात बसत नाही.' नियमही त्यांनीच केलेला. पूर्वी एका साहेबांच्या निरोपाला कुणीतरी अरबी थाट म्हणून भाड्याने ससाणा आणला होता आणि तो सरळ केकवर जाऊन बसला, तेव्हापासूनचा.

मी तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेले. "चाचा, बिर्याणी आठशे दिरहॅम. म्हणजे वीस हजार रुपयेसुद्धा नाहीत."

"बाय, दुसऱ्या कुणाची असती तर विचार केला असता. माझ्याच बिर्याणीवर मीच सही करू?"

"मग डायरेक्टरची सही आणते."

"आण ना. त्याच्याखाली माझा शेरा लागतो."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी चिडून स्वतःच्या पैशाने शाल आणली. चाचांनी ती भेटवस्तूंच्या रजिस्टरमध्ये नोंदवली आणि वर माझ्याकडे बिल मागितलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

गुरुवारी कार्यक्रम झाला. दोन किलोच्या केकचे चाळीस तुकडे झाले, त्यातला माझा तर दिसायलाही तयार नव्हता. भाषण मी मराठीत लिहून आणलं होतं, कारण माया आणि संताप मला इंग्रजीत जमत नाहीत. बोलताना त्याचं इंग्रजी करत गेले.

मी बसथांब्यांची गोष्ट सांगितली. औद्योगिक भागातल्या कामगारांसाठी सावलीचे थांबे बांधायचे होते. नकाशा झकास, खर्च कमी, सगळे खूश. चाचा भर ऑगस्टमध्ये दुपारी चार वाजता तिथे जाऊन उभे राहिले. परत आले ते लालबुंद होऊन, आणि फाईलवर लिहिलं: 'सावली बाकड्याच्या मागे पडते. छप्पर वाढवा, खर्च वाढला तरी चालेल.' खर्च वाढवा म्हणणारा अकाउंटंट आम्ही प्रथमच बघितला. फाईल तीन वेळा परत गेली, पण छप्पर वाढलं.

एवढ्यात चाचा उठले. "करेक्शन. ते टीमचं काम होतं. आणि तीन मिनिटं झाली, खलास."

"चाचा, गप बसा," मी सगळ्यांसमोर मराठीत ओरडले. भाषा बाकी कुणाला कळली नाही, पण अर्थ पोचला असावा. डायरेक्टरनीसुद्धा कप खाली ठेवला. चाचा बसले. मी आणखी अकरा मिनिटं बोलले.

सगळे पांगल्यावर चाचा माझ्या टेबलाशी आले. म्हटलं, आता नियमभंगाचा मेमो.

"बाय, तो भाषणाचा कागद दे."

"फाईलला लावायचाय?"

"नाही. घरी न्यायचाय." ते कागदाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "बायको एकतीस वर्षं एकटी राहिली गावात. दर सुट्टीत विचारते, तुम्ही तिथे नक्की करता तरी काय? मला कधी नीट सांगताच आलं नाही. तिला वाचून दाखवतो."