थॅचरचं घर

लोर्ना हॅस्केलच्या दारावर पाटी होती, ‘एलायजा थॅचर, लोहार, १७४२’. गावातल्या प्रत्येक जुन्या घरावर पहिल्या मालकाची अशी पाटी असते आणि घर कायम त्याच्याच नावानं ओळखलं जातं. नवरी म्हणून या घरात आल्यापासून लोर्ना करवादत आली होती, “गळकं छप्पर दुरुस्त करायचं मी, आणि घर म्हणे थॅचरचं! कधी आला होता का तो शिडी धरायला?”

शेवटी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा घर विकून ती चर्चमागच्या फ्लॅटमध्ये गेली. पुढच्याच रविवारी, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, तिचा जुना शेजारी डेक्स्टर नव्या मालकिणीला विचारत होता, “म्हणजे आमच्या लोर्नाच्या घरात राहायला आलात होय?”

लोर्नानं कप आपटला.

“मेल्या डेक्स्टर, हे आधी तोंडातून काढलं असतंस, तर विकलं असतं का मी?”