उरलेली अकरा पानं

"क्रिएटिनिन फार वाढलंय. आता डायलिसिसला पर्याय नाही," रिपोर्ट खाली ठेवत डॉक्टर म्हणाले. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. निरोगी मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात, माझी टाकेनाशी झाली होती. वर्षभर पाय सुजत होते आणि मी, शाळेत उभं राहून शिकवलं म्हणून, असं स्वतःलाच समजावत होते. ही चूक तुम्ही करू नका.

डायलिसिस म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन पुन्हा अंगात सोडायचं. आठवड्यातून तीनदा पालीहून रत्नागिरीला एसटीने जायचं आणि चार तास पडून राहायचं. एक हात सुयांना बांधलेला, त्यामुळे जाड पुस्तक धरता येईना. याचंच मला रडू आलं.

मला चरित्रांचं वेड. कादंबरीतल्या माणसाची काळजी पुस्तक मिटेपर्यंत. चरित्रातला माणूस मात्र खरोखर उपाशी राहिलेला असतो, खरोखर चुकलेला असतो. त्याचं निभावलं तर आपलंही निभावेल, असं वाटतं.

आमचे मिस्टर बोटीवर इंजिनात होते. निम्मा संसार पत्रांवर झाला. आता तेच वाचनालयातून चरित्रं आणून मला वाचून दाखवू लागले, नोटीस वाचावी तसे एका सुरात. शेजारच्या खाटेवरच्या मावशी विचारायच्या, बोट सुटतेय काय?

तिसऱ्या पुस्तकाला माझ्या लक्षात आलं. शेवटचं, मरणाचं प्रकरण यायच्या आधीच पुस्तक मिटायचं आणि परत जायचं. ही पुस्तकं मी आधी वाचलेली होती, तरी गप्प राहिले. ते मला जपत होते, मी त्यांना. पण मी गेल्यावर यांचं कसं होणार, हे बोलणं तसंच राहत होतं, आणि मला त्याचीच भीती होती.

मग एका सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, "हृदय अशक्त आहे. ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसरं मूत्रपिंड बसवणं, झेपणार नाही. डायलिसिस चालू ठेवू."

त्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंचं चरित्र चालू होतं. ठरल्या जागी मिस्टरांनी ते मिटलं. मी म्हटलं, शेवटचं वाचा.

"कशाला गो? काय ठेवलाय त्यात?"

"मला माहीत आहे. तुम्हाला नाही."

त्यांनी वाचलं. त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर डॉक्टरीणबाई वारल्या. उरलेली अकरा पानं त्यांच्या नवऱ्याची होती. त्याने दवाखाना कसा चालू ठेवला, भाजी चिरताना बोट कसं कापून घेतलं, पहिली भाकरी कशी करपवली. वाचताना यांचा सूर दोनदा अडला.

पुस्तक मिटून त्यांनी पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, "घरी गेल्यावर कुळथाची पिठी कशी करतात ती दाखव मला."

दाखवली. पहिल्या पिठीत गुठळ्या झाल्या. मी डॉक्टरांनी ठरवून दिलेली तेवढीच वाटी घेतली आणि गुठळ्यांसकट संपवली. इतकी हलकी मी आजारपणात कधी झाले नव्हते.

ते पुस्तक अजून आमच्याकडेच आहे. संध्याकाळी ओटीवर बसून ती अकरा पानं ते मनातल्या मनात वाचतात. मी हाक मारत नाही.