सड्यावरून हौसाच्या वाडीला

इस्लामपूरच्या घरातून निघताना आईने बाळंतविड्याचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "ह्ये भिजवू नगं. आन् वाटंत कुणाच्या हातात बी देऊ नगं." जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या, टोपडी, दुपटी, एवढंच त्यात असणार असं मी धरून चालले. आईच्या बाबतीत काहीही धरून चालू नये हे या वयात मला कळायला हवं होतं.

धाकटी बहीण हौसा पाटणच्या पुढे कोयनेच्या खोऱ्यात एका वाडीत दिलेली. पहिल्या खेपेला पुरामुळे तिला माहेरी आणता आलं नाही आणि मूल जन्मताच गेलं. आता दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते, आणि पाऊस पुन्हा तसाच. मी सांगलीच्या दवाखान्यात नर्स. "या वेळी मी तुझ्याजवळ असेन," असा शब्द मी तिला दिला होता.

सोबत धाकटा भाऊ मारुती. आफ्रिकेच्या वाळवंटात लष्कराचा ट्रक चालवून तो लढाईनंतर घरी आला होता. त्याच्या गळ्यात एक पितळी होकायंत्र असे. साहेबाने निरोपाच्या वेळी दिलेलं. आंघोळीलाही ते काढायचा नाही, म्हणून मी त्याला चिडवत असे.

कराडहून पाटणला जाणारी मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. चढ आला की पुरुषांनी उतरून ढकलायची आणि बायकांनी आत बसून खोकायचं. पाटणला उतरलो तर कोयनेचा आवाज पेठेपर्यंत येत होता.

चहाच्या दुकानात नाचणीची भाकरी आणि खरडा (हिरव्या मिरचीचा ठेचा) खाताना दुकानदार बाबूभाईंनी विचारलं, "कुठं निघालायसा?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"नदीकाठची वाट बुडालीया, बाई. सड्यावरनंच जावं लागंल. पण वर धुकं लय हाय. गुराखी बी जाईनात."

"थांबलो तर किती दिवस?"

"त्ये नदीला इचारा," ते म्हणाले आणि चहाचे पैसे काही केल्या घेईनात. मला तो शकुन बरा वाटला नाही.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ. कारवीच्या रानातून तिथवर चढेपर्यंत पोटऱ्यांना जळवा लागल्या होत्या. माथ्यावर पोचलो आणि नशिबाने धुकं क्षणभर फाटलं. सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलेला कातळ, पलीकडे दूर एक खिंड आणि खिंडीत एकटं उंबराचं झाड. त्या खिंडीतून उतरलं की हौसाची वाडी. मारुतीने झटकन होकायंत्र डोळ्याला लावून झाडाच्या दिशेचा आकडा घेतला. तोवर धुकं मिटलंसुद्धा.

"आता ह्यो आकडा सोडायचा न्हाई," तो म्हणाला.

त्याची रीत अशी. होकायंत्र माझ्याकडे. मी एका जागी उभी राहून ते छातीशी धरलेल्या गाठोड्यावर ठेवायचं आणि सुई बघायची. मारुतीने काठीने चाचपत धुक्यात पुसट होईपर्यंत पुढे जायचं. मी "डावीकडं... अजून... बास!" असं ओरडून त्याला रेषेवर आणायचं आणि मग त्याच्यापाशी जायचं. शंभर पावलं झाली की तो एक खडा खिशात टाकी. माझी कात्री-चिमट्यांची पिशवी त्याने स्वतःच्या पाठीवर घेतली होती. "सुईजवळ लोखंड नगं. वाळवंटात आकडा घ्यायला आमी ट्रकपासनं लांब चालत जायचो," म्हणाला.

असे खूप चाललो. मारुतीचा खिसा लोंबायला लागला, तरी खिंड येईना. अचानक पुढून त्याचा आवाज आला, "आक्का, हलू नगंस!"

वारा खालून वर येत होता. मारुती मटकन खाली बसलेला दिसला. त्याने एक दगड पुढे टाकला. मी कान देऊन राहिले. आवाज आलाच नाही. समोर कडा होता.

हौसाला कळा सुरू झाल्या असतील, आणि ही आम्ही दोघं शहाणी कड्याच्या टोकावर! "तुझ्या त्या डबीला आग लाव," मी ओरडले.

मारुती सरपटत मागे आला. लढाईत कसा दिसत असेल ते मला तेव्हा कळलं. चेहरा पांढराफटक, पण आवाज थंड. "तू हितनं माझा आकडा घे. मग मी तिथनं तुझा घीन. दोनी बरोबर उलटं आलं पायजेत."

आकडे उलटे आले नाहीत.

"काळा दगड सुई वढत आसंल," तो म्हणाला. आम्ही मागे सरकून दुसऱ्या जागी तेच केलं. पुन्हा तेवढीच चूक, त्याच अंगाला. मारुती माझ्याकडे बघत राहिला. "दगडाची चूक आसती तर जागेबरुबर बदलली आसती. ही चूक तुझ्यासंगं हिंडतीया, आक्का."

"माझ्या अंगावर काचेच्या बांगड्या आणि जळवा आहेत! आणखी काय असणार?"

"गाठोडं सोड."

लुगड्याच्या मधल्या घडीत, टोपड्याच्या खाली, आईचा विळा निघाला. बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचा, बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. मारुतीने तो होकायंत्राजवळ नेला, तशी सुई भाकरी दाखवलेल्या कुत्र्यासारखी वळली.

मला आईचा असा राग आला की काय सांगू. बाधा घालवायच्या नादात पोटची दोन पोरं कड्यावरून घालवली असती! मी विळा भिरकावायला हात उचलला.

मारुतीने मनगट धरलं. "हौशी पयलं काय इचारंल?"

मी हात खाली घेतला.

"आन् ह्यो इळाच आता वाट दावंल. गाठोडं पयल्यासारखं धर." विळा आत ठेवून आणि बाहेर काढून त्याने सुई किती फिरते ते पाहिलं. "सगळी वाट एकाच अंगाला चुकलोय. चूक किती आन् कुठल्या अंगाला ते कळलं, की ती चूक ऱ्हात न्हाई." खिशातले खडे मोजून त्याने काठीने चिखलात तिरकी रेघ ओढली आणि उजवीकडे किती जायचं ते काढलं. मग विळा कमरेला खोचून तो धुक्यात शिरला. लोखंड पुढे, सुई मागे. मी ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत.

उंबर आधी नुसता काळा डाग दिसला. मी त्याच्या बुंध्याला मिठी मारून रडले. मारुती म्हणाला, "रडाय खाली जाऊन येळ हाय."

वाडीत पोचलो तेव्हा हौसाने दात-ओठ आवळले होते. मुठी अशा मिटलेल्या की सासूला उघडता येईनात. मी शब्द पाळायला कड्यावरून परत आले होते, आणि ही माझ्याकडे न बघता विचारते, "आयनं काय धाडलंय?"

सांगलीत मी बाळंतिणींच्या उशाखालून असली लोखंडं ओढून काढत आले आहे. त्या दिवशी मी स्वतः विळा धुतला, पुसला आणि हौसाच्या उशाखाली सरकवला. तिच्या मुठी सुटल्या. मग मी हात धुतले. मूल पायाळू होतं, पाय आधी. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, कड्यावरसुद्धा. पण पोरगी बाहेर आली आणि तिने जो टाहो फोडला, तो अंगणात बसलेल्या मारुतीला ऐकू गेला.

हौसा हिंडूफिरू लागल्यावर आम्ही परत निघालो. सड्यावर लख्ख ऊन होतं, वाट उघडी होती, तरी मारुती वळून त्या कड्यापाशी गेला. त्याने मोजून टाकलेले खडे अजून तिथेच पडले होते. तो बसला होता तिथून हातभर पुढे गवत संपत होतं.

इस्लामपूरला आई उंबऱ्यातच उभी होती. पोरीची बातमी तिला आधीच कळली होती. मला वाटलं, आता पोटाशी धरेल.

"इळा पोचला का?" तिने विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "आम्ही पोचलो का ते विचार की आधी!"

आईने आमच्या दोघांच्या तोंडांवरून हात फिरवला. "त्येच इचारतीया," ती म्हणाली. "तुमी पोचल्याबिगर त्यो कसा पोचंल?"