रिकामे चौकोन

शहापुरात माझ्या दुकानाशेजारी एक जण वेबसाइट बनवतो. बोलताना माणसाकडे बघत नाही. रुमालाने स्क्रीन पुसत राहतो.

मुरबाडच्या एका दवाखान्याच्या साइटवर फोन, अँब्युलन्स अशी सगळी चिन्हं त्याने आयकॉन फॉन्टने, म्हणजे नेटवरून उतरणाऱ्या चिन्हांच्या अक्षरसंचाने घातली.

मी म्हटलं, "नेट कमी असलं की फॉन्ट उतरत नाय, नुसते चौकोन दिसतात. त्यापेक्षा त्यांच्या जागी साधी चित्रं लाव."

"चित्रं मोठी केली की फाटतात, धुरकट दिसतात रे. गावात कोण बघतंय?"

पुढे मुरबाडकडच्या वैशाखरे गावी, त्याच्या घरी, वडिलांना लकव्याचा झटका आला. आईने तीच साइट उघडली; नेट कमी, नुसते चौकोन. अँब्युलन्सचा चौकोन कुठला, तिला कळेना. जीप मिळेपर्यंत उशीर झाला. वडिलांची वाचा गेली. मग तो दोघांना शहापुरात घेऊन आला.

"आता तरी बदल," मी म्हटलं.

"आयलाच फोन वापरता येत नाय."

त्याचा डबा घेऊन आलेली आई दारातच उभी होती.