माकणीत पाहिलेलं ल्यों

फ्रान्स देशातलं ल्यों नावाचं शहर मी पाहिलंय, आणि तेही माझ्या पणजोबाच्या काळातलं. पाहिलं ते माकणी गावात, शाळेच्या भिंतीवर ताणलेल्या पांढऱ्या पडद्यावर. शहराचं नाव मला दुसऱ्या दिवशी कळलं, फिल्मच्या डब्यातला कागद आमच्या दूध संघाच्या साहेबांनी वाचून दाखवल्यावर. त्या संध्याकाळी मात्र मी शे-दीडशे माणसांना ते आपल्या जिल्ह्यातलं दूध संकलन केंद्र म्हणून दाखवलं.

मी मूळचा ईट गावचा. सहावीतच शाळा सोडली आणि मेंढरांमागं गेलो. दुष्काळात मेंढरं विकली, तेव्हा एका दूध संघानं मला त्यांच्या गाडीवर घेतलं. त्या संघाचे उपकार मी अजून विसरलो नाही. ईट ते माकणी म्हटलं तर आज लोक हसतील, पण तेव्हा एसटी बदलत जाण्यात सगळा दिवस मोडायचा. गावाकडं बायको आणि रांगतं पोर. मला माकणी परदेशच.

गाडी गावोगाव जाऊन फिल्म दाखवायची. म्हैस कशी पाळावी, दूध संघाला का घालावं, असलं त्यात असायचं. फिल्मा मुंबईहून यायच्या आणि त्यातलं बोलणं इंग्रजी, नाहीतर हिंदी. म्हणून आवाज बंद करून गाडीवरच्या माणसानं भोंग्यातून मराठीत सांगायचं, अशी पद्धत होती. ते काम माझं. मेंढरांना हाका मारून मारून कमावलेला आवाज सहावीच्या मार्कांपेक्षा जास्त कामी आला. साहेबांनी मजकूर लिहून दिलेला होता, मी तो शब्दन् शब्द पाठ केला होता.

गाडी हाकणारे आणि फिल्मचं मशीन फिरवणारे एकच, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "बोलना बंद नक्को करो. आवाज रुक्या की लोगां उठ्या."

माझे तीन महिने भरत आले होते. मला ठेवायचं की घरी पाठवायचं, हे बघायला साहेब त्या दिवशी स्वतः माकणीला आले आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले.

फिल्मच्या डब्यावर चिकटवलेली पट्टी दुधाची होती. दिवेलागणीला मशीन सुरू झालं आणि पडद्यावर आले दगडी पूल, घोड्यांनी ओढायची ट्राम, डोक्यावर टोप्या घातलेले मिशाळ पुरुष. सगळं भराभर चालत होतं, जणू प्रत्येकाच्या मागं कुत्रं लागलंय. डब्यात भलतीच फिल्म आली होती. कुणीतरी त्या शहराची जुनी-जुनी चित्रं जोडून केलेली. मी घाबरून चाचांकडं पाहिलं. चाचांनी हातानंच खूण केली, बोल.

मी बोललो. "मायबापहो, ही पाहा आपल्या संघाची इमारत."

पडद्यावर टेकडीवरचं टोलेजंग चर्च.

"लई उंचावर बांधलीया," मागून एक जण म्हणाला. "म्हशी कशा चढवत्यात वर?"

"भल्या पहाटे सभासद रांगेनं दूध घेऊन येतात."

"एकाच्या बी हातात किटली न्हाय की हो! वाटंतच पिऊन टाकलं जनू."

"इथं दुधाची फॅट तपासली जाते," मी म्हणालो, आणि पडद्यावर एक बाई आली. तिच्या टोपीवर अख्खा मोर बसावा एवढी पिसं. ती आमच्याकडं बघून हसली. गाव गडाबडा लोळायचं तेवढं बाकी राहिलं. साहेब मात्र हलले नाहीत.

मग नदी आली. काठाला छपराच्या लांबच लांब नावा बांधलेल्या आणि त्यांत गुडघ्यांवर बसून ओळीनं बायका धुणं बडवत होत्या. माझ्या पाठांतरात धुणं नव्हतं. मी गप्प झालो. आता माणसं उठणार आणि त्यांच्याबरोबर माझी नोकरीही.

कुणी उठलं नाही. पुढं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "आगं बया, गोऱ्या बायांला बी धुणं सुटलं न्हाय! का रं बाबा, मुका का झालास? ही कडंची येवढी कुनावर चिडलीया?"

"नवऱ्यावर असंल, मावशी," भोंग्यातून निघून गेलं. "त्याचाच सदरा दिसतोय."

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग मी दिसेल ते सांगत सुटलो. कोण कुठं निघालाय, कुणाची टोपी वाऱ्यानं उडाली, कुठल्या घोड्याला चालायचा कंटाळा आलाय.

एवढ्यात शहरात पूर आला. गल्लीबोळांतून नावा फिरत होत्या, माणसं खिडकीतून नावेत उतरत होती. बायकांच्या तोंडावरचे पदर खाली आले. त्या उन्हाळ्यात माकणीच्या बायका कोरड्या नदीच्या वाळूत खड्डे खणून वाटी-वाटीनं घागर भरत होत्या.

"ती बाई खिडकीत का रडतीया?" मावशींनी विचारलं.

"पाणी जादा झालं म्हणून."

"जादा?" मावशी म्हणाल्या. "मंग थोडं हिकडं लावा म्हनावं."

"साहेब बसलेत म्होरं. त्यांच्याकडं अर्ज द्या, मावशी!"

हसण्याचा असा लोट उठला की मशीनचा आवाज ऐकू येईना. साहेबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला ईटची एसटी दिसायला लागली.

फिल्म संपली. साहेब पडद्यापुढं उभे राहिले आणि भरल्या गर्दीपुढं दुधाबद्दल स्वतःच बोलले. एरवी तोवर निम्मं गाव घरी गेलेलं असायचं. मग ते माझ्याकडं आले.

"हे पाठ केलेलं होतं?"

"न्हाय, साहेब. पाठ केलेलं बायका दिसल्या तिथंच संपलं."

"मग यापुढं पाठ करू नकोस. बघून सांगत जा. एक तारखेपासून तू कायम. आणि पाण्याचे अर्ज माझ्याकडं पाठवू नकोस."

मी हात जोडले. पण काळजीखोर माणसाला निस्तं बोलणं कुठं पुरतंय?

"लिहून द्याल का, साहेब?"

चाचांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मात्र खुर्चीवर बसून, गुडघ्यावर वही ठेवून तीन ओळी लिहिल्या आणि पान फाडून दिलं. मी मशीनच्या दिव्याशी जाऊन ते वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मावशी घरी जायच्या सोडून शेजारी उभ्या होत्या.

"बोलतोस चांगला," त्या म्हणाल्या. "वाचायला मातर लई येळ लावतोस."