हजार भाकरी, हजार घागरी

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या स्टेशनात गाडी शिरली तशी मालूताई म्हणाली, "सुधा, अजून परत फिरता येईल." मी तिचा हात धरला आणि तिला डब्यात चढवलंच.

मालूताई माझी थोरली बहीण. भूलतज्ज्ञ होती, आता निवृत्त. वसंतभावोजी गेल्यापासून वर्षभर ती किराणा आणण्यापलीकडे घराबाहेर पडली नव्हती. त्यांचं नावही घेत नव्हती. मी कोल्हापूरहून सहा आठवड्यांसाठी आले होते आणि त्यातले चारच दिवस उरले होते. हिला अशीच सोडून विमानात कशी बसू, या काळजीने मला झोप येत नव्हती. शिकागोच्या म्युझियममध्ये इजिप्तचं खरंखुरं थडगं आहे असं कळलं आणि मी हट्टालाच पेटले. नवरा गेलेल्या बाईला थडगं दाखवायला नेणं कितपत शहाणपणाचं, हे मला गाडी सुटल्यावर सुचलं.

बाहेर बर्फाखाली गुडुप झालेली अंगणं मागे पडत होती. शिकागोत उतरलो तर सरोवरावरच्या वाऱ्याने माझी लोकरी टोपी उडवली. एका तरुणीने धावत जाऊन ती पकडून दिली. "क्यूट हॅट!" म्हणाली. कोल्हापुरात या टोपीला आजवर कुणी क्यूट म्हटलेलं नाही.

म्युझियममध्ये शिरलो आणि माझं वय पन्नास वर्षांनी उतरलं. रंगवलेल्या शवपेट्या, त्यावरचे काजळ घातलेले टपोरे डोळे, फुलांच्या माळा, पंख पसरलेल्या देवता! काचेत चार बरण्या होत्या: यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी ठेवायच्या. मालूताई पाटी वाचत म्हणाली, "मेंदू मात्र आकड्याने नाकातून ओढून काढायचे."

"भूल न देता?"

"पेशंटने तक्रार केल्याची नोंद नाही."

ती हसली नाही, पण डोळे चमकले. पुढे उशाब्ती होत्या (मेलेल्याची परलोकातली कामं करायला बरोबर पुरलेल्या बोटभर बाहुल्या). काही थडग्यांत वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, शिवाय वर मुकादम.

"रोजची वेगळी कामवाली!" मालूताई म्हणाली. "मला या देशात जन्मभरात एक मिळाली नाही. मरून इजिप्तला जायला हवं होतं."

मग मस्तबा (ओट्याच्या आकाराचं दगडी थडगं). दगडन् दगड तिकडून आणून इथे रचलेला. चिंचोळ्या दारातून आत गेलो, तर भिंतींवर नुसती गडबड: कुणी बैल कापतंय, कुणी बदकं धरून आणतंय, टोपल्या डोक्यावर घेऊन माणसांची रांग चाललीय. समोर दगडातच कोरलेलं खोटं दार. त्यातून मेलेल्याने जेवायला यायचं. माहितीत लिहिलं होतं की घरच्यांनी नैवेद्य आणणं बंद केलं, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याने नुसती त्या पदार्थांची यादी मोठ्याने वाचली की त्याला ते पोचतं.

"वाचू या का?" मी म्हटलं. "बिचारा कधीचा उपाशी असेल."

आम्ही दाराकडे तोंड करून उभ्या राहिलो. "हजार भाकरी," मी म्हटलं.

"हजार घागरी बिअर," मालूताई म्हणाली.

"हजार बैल, हजार बदकं."

मालूताई थांबली. मग अगदी सावकाश म्हणाली, "वसंताला बदक चालायचं नाही. हजार बटाटेवडे."

वर्षभरात पहिल्यांदाच तिने ते नाव घेतलं होतं. मी म्हटलं, "लसणाची चटणी?"

"हजार वाट्या! आणि हजार अँटासिड, नाहीतर रात्रभर मलाच उठवेल!"

ती हसायला लागली. खांदे हलले, चष्मा घसरला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मीही भिंतीचा आधार घ्यायला गेले, तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅम, प्लीज डोन्ट टच द वॉल!" गार्डबाई आत आल्या. दोघी म्हाताऱ्या डोळे पुसताहेत हे पाहून त्यांनी घाबरून विचारलं, "आर यू ओके?"

मालूताईने त्यांना सगळं सांगितलं: यादी, वसंता, बटाटेवडे. गार्डबाईंनी मागे वळून पाहिलं, हात जोडले आणि खोट्या दाराला म्हणाल्या, "अँड अ थाउजंड पीच पाइज. फॉर माय मॉम."

मग आम्ही तिघी हसलो.

परतीची गाडी चुकली. पुढची येईपर्यंत आणि नंतर नेपरव्हिलपर्यंत मालूताई वसंतभावोजींबद्दल बोलत होती: त्यांचं घोरणं, त्यांनी बर्फात घसरून शेजाऱ्याच्या दारात घातलेलं लोटांगण. मरणाला भ्यायलेल्या लोकांनी ती थडगी भरली, असं मला आजवर वाटायचं. ते तर जगण्यातलं काहीच सोडायला तयार नव्हते.

कोल्हापुरात पोचून आठवडा झाला आणि तिचा फोन आला. "सुधा, न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये आख्खं देऊळ आहे म्हणे इजिप्तचं. मी तिकीट काढलंय."

"कुणाबरोबर जातेस?"

"एकटी," ती म्हणाली. "आता फोन ठेव, मला बॅग भरायची आहे."