हळद लागलेला बंपर

वारंगा फाट्यावर जळबाची टपरी होती. पाटीवर 'गाडी धुऊन मिळेल' एवढंच लिहिलेलं. पण जळबा गाडी नुसती धूत नसे, तिला नटवून प्रवेशाला उभी करी. एके काळी गावच्या नाटकात तोंडं रंगवायचं काम त्याच्याकडे होतं. शेळ्या राखणाऱ्या पोरांचे त्याने राजे केले, मिसरूड न फुटलेल्यांना अशा मिशा काढल्या की पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरून बसत. मग जत्रेत ऑर्केस्ट्रा आला, नाटक बंद पडलं आणि जळबाची रंगाची पेटी गाड्यांच्या वाट्याला आली.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष होते संतरामभाऊ. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या जिल्ह्याचं आपल्यावाचून अडणार, अशी भाऊंची प्रामाणिक समजूत होती. उमेदवारी ठरवायला पक्षाचे निरीक्षक रेल्वेने येणार होते. त्यांना स्टेशनवरून आणण्याचा मान मिळावा म्हणून भाऊंनी नांदेडहून एक जुनी पांढरी मोटार घेतली. मोटार बरी होती. बंपर आणि दारांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या मात्र उन्हाने राखेसारख्या झाल्या होत्या.

"जळबा, हे असं पांढरं फटक काहून दिसून राहिलं?"

"वय झालं भाऊ तिचं. तुमी मिशीला लावता ते हिला कुणी लावलं न्हाई."

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि गुपचूप बोटं पाहिली. "जवान करून दे तिला. बंपर चमकला तर यंदा जत्रेत नाटक. शब्द हाय आपला!"

जळबाच्या छातीत तिसरी घंटा वाजली.

सोड्याच्या पाण्याने त्याने बंपर घासला, जुन्या टूथब्रशने खाचांतली माती काढली, वाळवून बारीक पॉलिश पेपर फिरवला. इथवर सगळं रीतसर. पण दुकानातल्या काळ्या रंगाचे मागच्या गाडीवर पोपडे निघाले होते. तेव्हा जळबाने पेटीतलं जुनं हत्यार काढलं: दिव्यावर धरलेली काजळी आणि खोबरेल. ज्या लेपाने राजांच्या मिशा काढल्या, तोच त्याने बंपरला, दारांच्या पट्ट्यांना आणि आरशांच्या पाठींना चोळला.

"अवो, तेल हाय ते," बायको रूपाबाई म्हणाली. "तोंडं रंगवताना वरून पावडर मारत व्हता न्हवं? मग हिला?"

"गाडीला कोण पावडर लावतं, येडे!"

बंपर असा काळाभोर झाला की चहाला थांबलेला एक ट्रकवाला त्यात पाहून भांग पाडून गेला.

ठरल्या दिवशी भाऊंनी जळबालाही मागच्या सीटवर बसवलं. स्टेशनवर निरीक्षकांनी गाडीकडे पाहून मान डोलावली. सभा होती बाजारापलीकडे, आणि दिवस हळदीचे. हमाल पोती झटकत होते, हवा पिवळी झाली होती. पुढे बैलगाड्या अडल्या आणि मोटार त्या पिवळ्या वाऱ्यात बराच वेळ उभी राहिली.

मांडवापुढे उतरल्यावर जळबाने गाडीकडे पाहिलं. तेलाने बाजारभरची हळद ओढून घेतली होती. बंपर, पट्ट्या, आरशांच्या पाठी, सगळं नवरदेवासारखं पिवळं धमक! रूपाबाईची पावडर गाडीने स्वतःच लावून घेतली होती. त्याने घाईने उपरण्याने पुसायला घेतलं, तर काजळी आणि हळद मिळून असा रंग उठला की तसल्या तोंडाचं पात्र कुठल्याच नाटकात नव्हतं.

"जळब्या," भाऊ दातओठ खात पुटपुटले, "यंदा दोन ऑर्केस्ट्रा आणतो बघ!"

जळबाने डोळे मिटले. गेलं नाटक.

एवढ्यात निरीक्षक बंपरपाशी वाकले. बोट फिरवून नाकाशी नेलं. "हळद?"

भाऊंचा चेहरा असा पालटला की जळबाच्या मनात आलं, हा गडी आपल्या मंडळीत हवा होता.

"व्हय साहेब!" भाऊंनी गाडीला हात जोडले. "कास्तकाराच्या मालाचा मान हाय. ही हळद कपाळी लावल्याबिगर आपली गाडी हालत न्हाई."

निरीक्षक गहिवरले. भाषणात त्या बंपरवर ते इतकं बोलले की माणसांवर बोलायचं राहून गेलं. बाकीचे इच्छुक आपापल्या चकचकीत गाड्यांकडे रागाने बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाड्यांची टपरीपुढे रांग लागली. "जळबाभाऊ, आमालाबी तेवढी हळद मारा!"

उमेदवारी संतरामभाऊंना मिळाली. शब्दाला भाऊ पक्के निघाले, नाटक लागलं. अट एकच: राजा ते स्वतः होणार.

जत्रेच्या रात्री जळबाने तीच काजळी, तेच खोबरेल घेऊन भाऊंच्या मिशीवर राजाची मिशी काढली. मागे रूपाबाई पावडरचा डबा घेऊन उभी. "आता तरी मारता का?"

या खेपेला त्याने निमूटपणे मारली.

भाऊ प्रवेश करताच पहिलंच वाक्य विसरले. मग दुसरं. मग उमेदवारीचं भाषण सुरू केलं. लोक हसून लोळले, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी ओरडलं, "राजाला हळद लावा रे!" भाऊ घामाने निथळत होते, पण मिशी शेवटपर्यंत तसूभर हलली नाही. टाळ्या पडल्या तेव्हा विंगेत जळबा हात जोडून वाकला. त्या कुणासाठी होत्या, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.